कूलर बंद करून चार मिनिटं

नागपुरात ऑर्केस्ट्रा म्हणजे
सिनेमाची गाणी, चकाकता कोट
आणि "पुढची फर्माईश सदरहून" म्हणणारा निवेदक.
मीही अठरा वर्षं वाजवलं त्यात,
व्हायोलिनला माइक चिकटवून.
आणि क्लासिकल म्हणजे तानपुरा, मांडी घालून.
म्हणून फाटकावर पाटी लावली तेव्हा
परातेंच्या आईनं विचारलं,
"क्लासिकल ऑर्केस्ट्रा? दोन्ही एकदम कसं काय जी?"

अजून नीट उत्तर दिलेलं नाही.

मोहननगरच्या या खोलीत मे महिना, शेहेचाळीस.
चार पोरं, चार स्टँड, एक कूलर.
लाकूड इतकं वाळलंय की खुंट्या
आवळल्या तरी घसरतात.
स्टँडवर माझ्या पेन्सिलीतली सिंफनी,
अडीचशे वर्षांपूर्वीची, कुठल्याशा राजवाड्यातली,
जिथं वाजवणाऱ्यांची बोटं थंडीनं आखडत असतील.
पंचवीस माणसांचं काम मी चौघांत वाटलंय,
लग्नाचं उरलेलं जेवण डब्यांत भरावं तसं.
बासरी शर्वाणीकडे. ओबो ॲन्सीकडे.
नगारे झुबेरच्या चेलोकडे
("मार आणि लगेच गज उचल, बसून राहू नको त्यावर"),
आणि दोन्ही हॉर्न
हर्षल परातेच्या एकट्या व्हायोलाकडे.

"सर, मले सोळा बार एकच सूर काहून?"

घर कोष्ट्यांचं, आजोबांचा माग आता माळ्यावर.
ताण्याबाण्याची उपमा ओठांवर आली होती,
गिळली. घरी त्याला पुरेशा ऐकाव्या लागतात.
म्हटलं, "थांबव बरं तो सूर एकदा."
थांबवला. वरच्या दोघी
भर चौकात सिग्नल गेल्यासारख्या उभ्या.
तो काही बोलला नाही.
पुन्हा लावला, या वेळी ऐकत.

शर्वाणी, तू आजोळी मींड शिकलीस, कळतं,
तुझा प्रत्येक सूर पुढच्याला पाकासारखा चिकटतो.
इथं शब्द सुटे ठेव. वाक्य चार बारांचं,
दोन विचारतात, दोन उत्तर देतात,
उत्तर देणाऱ्यानं आवाज चढवायचा नाही.
हा जो सूर चुकीचा वाटतो ना,
त्यावर झुक आधी, भार दे,
मग बरोबर सुरावर ये, पण हलकी,
पाहुण्याला फाटकापर्यंत सोडून
कडी न वाजवता लावावी तशी.

विराम मात्र शिकवता येत नाही.
कागदावर एक वाकडी रेघ, दोन मात्रांची.
कूलर चालू असला की तिच्यात
त्याची खडखड येऊन बसते,
न बोलावलेला तिसरा हॉर्न.
म्हणून रोज शेवटी मी तो बंद करतो.
चार मिनिटं. त्याहून जास्त कोणाच्यानं होत नाही,
झुबेरच्या कोपरावरून थेंब चेलोवर पडतात,
शर्वाणीचा चष्मा घसरतो.
आणि रोज कोणीतरी आधीच शिरतं.
रिकाम्या मात्रांची भीती वाटते पोरांना.
मलाही वाटायची; आमच्या स्टेजवर दोन मात्रा गप्प राहिलो
तर समोरून बाटली यायची.

काल कोणी शिरलं नाही.

गल्लीत कोणाची तरी स्कूटी स्टँडवर चढली.
गच्चीवर टाकी भरून सांडू लागली.
मग ॲन्सीनं ओबोचं वाक्य उचललं,
पोकळ, जरा नाकातलं, मी सांगितलं होतं तसं.

खरं तर मी ओबो
जवळून कधीच ऐकलेला नाही.
तिचा तो आवाज माझ्या अंदाजावर बेतलेला,
आणि बरोबर आहे का
हे विचारावं असं गावात कोणी नाही.

"सर, कूलर," झुबेर म्हणाला.
लावला. ओल्या वाळ्याचा वास आला,
पोरांनी गज सैल केले, डबे उघडले.
हर्षल अजून वाजवत होता, तोच सूर,
कूलरच्या आवाजाशी जुळवून,
पाव सूर खाली.
"वर घे जरा," मी म्हटलं,
"तो नाही यायचा वर."